मांडवा, प्रति चौरस फूट

‘अमुक अभिनेत्याने अलिबागमध्ये घेतली तमुक कोटींची जमीन.’ हे वाक्य तुम्ही गेल्या दोन-तीन वर्षांत कितीदा तरी वाचलं असेल. बहुतेक वेळा फोनवर आणि बातमी न उघडताच. नावं बदलतात, आकडा बदलतो, वाक्य तेच राहतं. आपण कथा-कवितांची समीक्षा करतो, सिनेमाची करतो, हल्ली मीम्सचीही करतो. पण घर आणि जमीन यांच्या किमतीबद्दल आपल्या पिढीची समज ज्या मजकुरातून तयार होते, त्याच्याकडे मजकूर म्हणून फारसं कुणी बघत नाही. इथे तेवढंच करायचं आहे.

आधी व्याकरण. कर्ता आहे, सेलिब्रिटी. कर्म आहे, जमीन. क्रियापद आहे, घेतली. पण कुणाकडून? शाळेत आपण विभक्ती पाठ केल्या होत्या. या लेखनप्रकाराला पंचमी विभक्तीच नाही. जमीन कुणापासून सुटली हे बातमीत जवळपास कधीच येत नाही. आलंच तर ‘स्थानिक जमीनमालक’ किंवा एखाद्या कंपनीचं नाव. जणू ती जमीन समुद्रातून नुकतीच वर आली आणि अभिनेत्याने उचलली.

कर्त्यानंतर तपशील येतात: क्षेत्रफळ, रक्कम, रुपयांपर्यंत मोजलेली स्टॅम्प ड्युटी आणि ‘३० हजार रुपये नोंदणी फी’. ही ३० हजारांची फी बघण्यासारखी आहे. कोट्यवधींच्या व्यवहारात ती सांगायचं काय कारण? महाराष्ट्रात ३० लाखांवरच्या खरेदीखताला ती कमाल मर्यादाच आहे. बदलापूरचा वन बीएचके घेणाराही सहसा तेवढीच भरतो. त्या आकड्याने माहितीत काही भर पडत नाही. त्याचं काम मजकुराला सरकारी कागदाचा वास देण्याचं आहे. वाचकाला वाटतं, एवढं बारीक सांगतायत म्हणजे सगळंच सांगितलंय.

आधी एक गच्ची

अलिबागला जाण्याआधी मुंबईत थांबू, कारण या प्रकाराचा नमुना म्हणावा अशी बातमी तिथली आहे आणि तिच्यातली माणसं पुढे रायगडात भेटणार आहेत. जानेवारी २०२५मध्ये छापून आलं की अमिताभ बच्चन यांनी ओशिवऱ्याच्या ‘द अटलांटिस’ इमारतीतलं डुप्लेक्स ८३ कोटींना विकलं. ब्रोकर लोक ज्याला पेंटहाऊसच्या रांगेत बसवतात तसं, मोठी गच्ची असलेलं घर. घेतलं होतं ३१ कोटींना. मथळा होता, १६८ टक्के नफा.

या १६८ची सुरुवात कुठे होते ते बघा. खरेदीची नोंदणी एप्रिल २०२१ची, पण व्यवहार डिसेंबर २०२०चा. स्टॅम्प ड्युटी भरली होती ६२ लाख, म्हणजे फक्त २ टक्के. कोविडमध्ये बाजार पडला म्हणून राज्य सरकारने ३१ डिसेंबर २०२०पर्यंत ड्युटी त्या पातळीला आणली होती. विकताना ड्युटी लागली ४.९८ कोटी, म्हणजे ६ टक्के. मोजपट्टीचा शून्य अशा ठिकाणी ठेवला आहे जिथे अख्खं शहर तळाला होतं. चार वर्षं धरली तर वाढ वर्षाला साधारण २८ टक्के चक्रवाढ पडते. तीही भरपूर आहे, पण ‘१६८’सारखी ती अंगावर येत नाही.

आता क्षेत्रफळ. कार्पेट सुमारे ५,१८५ चौरस फूट आणि गच्ची सुमारे ४,८०० चौरस फूट. फक्त कार्पेटने भागलं तर भाव येतो १ लाख ६० हजार रुपये फूट. गच्चीही धरली तर ८३ हजार. एकच घर, एकच दस्त, आणि भाव जवळजवळ निम्मा. गच्ची किती धरायची हा पेंटहाऊसच्या किमतीतला खरा वाद असतो. विकणारा ती पूर्ण धरतो, घेणारा तीन-चार आणे धरतो. बातमीत हा वाद नसतो, एकच रक्कम असते.

शेवटी भाडं. हेच घर २०२१च्या अखेरीस अभिनेत्री क्रिती सेननने महिना १० लाख रुपयांनी घेतलं होतं. वर्षाचे झाले १ कोटी २० लाख. ३१ कोटींवर ते चार टक्क्यांच्या आत बसतं, ८३ कोटींवर दीड टक्क्याच्या आसपास. म्हणजे नव्या मालकाने ८३ कोटी भाड्यासाठी मोजलेले नाहीत. त्याला तिथे राहायचं असेल किंवा उद्या आणखी कुणी जास्त देईल असा भरवसा असेल. मालकाच्या प्रसिद्ध नावाचे यात किती पैसे, हे शोधायचं तर त्याच इमारतीतल्या बिनप्रसिद्ध माणसांचे दस्त शेजारी ठेवावे लागतील. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ते बघता येतात. बातमीदाराने एक दस्त उघडला, दुसरा उघडायला दहा मिनिटं लागली असती.

तरीही पेंटहाऊसच्या बाबतीत नावाचा उपयोग एकदाच होतो. घर विकलं, नाव निघून गेलं, गोष्ट संपली. रायगडच्या किनाऱ्यावर मामला उलटा आहे. तिथे प्रसिद्ध माणूस विकत घेतो आणि त्याचं नाव तिथेच राहतं, पुढच्या प्रत्येक प्लॉटच्या विक्रीसाठी.

तीन नावं, तीन भाव, एक तालुका

एप्रिल २०२४मध्ये बातमी आली की बच्चन यांनी अलिबागमध्ये ‘हाऊस ऑफ अभिनंदन लोढा’ या कंपनीकडून १०,००० चौरस फुटांचा प्लॉट १० कोटींना घेतला. त्याच वर्षी क्रिती सेननने त्याच कंपनीच्या ‘सोल दे अलिबाग’मध्ये २,००० चौरस फूट घेतल्याचं जाहीर झालं, तिच्या निवेदनासकट. ओशिवऱ्याचे घरमालक आणि भाडेकरू अशा रीतीने एकाच कंपनीचे ग्राहक झाले. यात गैर काहीच नाही. पण प्लॉट विकणाऱ्या कंपनीला यातून काय मिळालं ते बघा: कुठल्याही होर्डिंगपेक्षा स्वस्त आणि ‘बातमी’ या सदराखाली छापलेली जाहिरात. होर्डिंगवर निदान महारेराचा नंबर टाकावा लागतो, ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही. बातमीला काहीच लागत नाही.

आता याच्या शेजारी त्याच तालुक्यातले आणखी दोन व्यवहार ठेवू. २०२२मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी झिराडला सुमारे ८ एकर जमीन १९.२४ कोटींना घेतली. २०२३मध्ये सुहाना खानने थळला सुमारे दीड एकर, थोड्या बांधकामासह, १२.९१ कोटींना घेतली. तीन बातम्या, दोन एककं: एकर, एकर आणि चौरस फूट. गावात जमीन यातल्या कशातच बोलली जात नाही. गावात गुंठा चालतो. एकराचे ४० गुंठे, गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट. सगळं गुंठ्यात आणलं तर असं दिसतं:

झिराड: गुंठ्याला साधारण ६ लाख.
थळ: गुंठ्याला साधारण साडेएकवीस लाख.
कंपनीचा प्लॉट: गुंठ्याला साधारण १ कोटी ९ लाख.

पहिल्या आणि शेवटच्या भावात अठरा पटींचं अंतर आहे. लगेच कुणी म्हणेल की ही तुलनाच चूक आहे. बरोबर. एक मोठं क्षेत्र आहे, एकावर बांधकाम आहे, एक आखलेला बिनशेती प्लॉट आहे. कंपनी रस्ते, गटारं, मोकळ्या जागा सोडते, आणि त्यांची किंमत उरलेल्या प्लॉटमध्येच भरून काढते. लहान तुकड्याचा भाव मोठ्यापेक्षा नेहमीच चढा असतो. मला तेच म्हणायचं आहे. या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि बातमी तिघींना एकच नाव देते, ‘अलिबागमध्ये जमीन’.

एककांचा घोळ किरकोळ नसतो, हे आमच्या धंद्यातल्या लोकांना पहिल्याच वर्षी शिकवतात. १९९९मध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं यान हरवलं, कारण एका सॉफ्टवेअरने बलाचे आकडे पौंडांत दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन समजून घेतले. दोन्हीकडचं गणित आपापल्या जागी ठीक होतं. मधे एकक सांगायचं राहिलं होतं. अलिबागच्या बातम्यांत एकक सांगितलेलं असतं, पण ते असं निवडलेलं असतं की दोन बातम्या शेजारी ठेवून कुणी भागाकार करू नये. ‘दहा हजार रुपये फूट’ हे मुंबईकराला स्वस्त वाटतं, त्याच्या घराचा भाव त्याहून जास्त असतो. ‘एक कोटी गुंठा’ हे गावात धक्कादायक वाटतं. आकडा एकच, मंडळी दोन.

खुंटी

१९८७मध्ये नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात एक प्रयोग केला. एकच खरं घर विद्यार्थ्यांना आणि व्यावसायिक एजंटांना दाखवलं. माहितीची फाईल दिली, फक्त फाईलमधली ‘मागितलेली किंमत’ प्रत्येक गटाला वेगळी. दोघांचेही अंदाज त्या किमतीकडे झुकले. गंमत अशी की विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते कबूल केलं, आणि एजंट मात्र म्हणाले, आम्ही त्या किमतीकडे बघतच नाही.

खुंटी ठोकली की गुरू तिच्याभोवतीच फिरतं. सेलिब्रिटीची बातमी ही अशी खुंटी आहे. बाजारात आपण किंमत आणि भाव हे शब्द वेगळे वापरतो. एका वस्तूचे मोजलेले पैसे म्हणजे किंमत. बाकीच्यांनी किती मागायचे याची समजूत म्हणजे भाव. त्या एका प्लॉटची १० कोटी ही किंमत खरी असेलही, कुणी ती नाकारत नाही. पण बातमी छापून येते तेव्हा ती भाव होते, ज्यांचा त्या प्लॉटशी संबंध नाही अशा सगळ्यांसाठी.

आणि तो भाव घरात शिरतो. या पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक सातबाऱ्यावर पाच-पंधरा नावं असतात: चुलते, आत्या, मुंबईला गेलेले भाऊ. जमीन भाताची होती, तोवर कुणी कुणाला विचारत नव्हतं. ‘कोटी गुंठा’ कानावर पडल्यावर पहिला कागद निघतो तो बहिणींच्या सहीसाठी, हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना बरोबरीचा वाटा महाराष्ट्रात १९९४ला मिळाला, देशभर २००५ला. ज्या आत्यांना कधी वाटा मागावासा वाटला नाही, त्यांच्याकडून आता राखीपौर्णिमेला सही मागितली जाते. खरा व्यवहार मात्र ज्या भावाने होतो, तो झिराडच्या सहा लाखांच्या जास्त जवळचा असू शकतो. मधलं अंतर ना विकणाऱ्याला मिळतं, ना ईएमआयवर हजार-दोन हजार फूट घेणाऱ्या आपल्यासारख्याला. ते मधल्यांकडे राहतं. दोन्ही टोकांचे लोक एकच मथळा वाचून बसलेले असतात.

माहितीपत्रकातलं गाव

किंमत चढवायला आकडा पुरत नाही, भाषाही लागते. अलिबागला इंग्रजी मजकुरात ‘मुंबईचं हॅम्प्टन्स’ म्हणायची पद्धत आहे. प्रकल्पाला स्पॅनिश नाव, म्हणजे अलिबागचा सूर्य, पण माद्रिदमार्गे आलेला. यातला विनोद असा की मुंबईत ‘अलिबागसे आया क्या?’ हा प्रश्न माणसाला बावळट ठरवण्यासाठी वापरत. २०१९मध्ये अलिबागच्या एका रहिवाशाने तो बंद करावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि न्यायालयाने ती फेटाळली. त्याच तालुक्याचं नाव आज ऐषारामाचा ब्रँड आहे. गाव तेच, सातबारे तेच. फक्त ‘अलिबागहून येणारा’ खाली गेला आणि ‘अलिबागला जाणारा’ वर आला.

माहितीपत्रकातलं अंतर मिनिटांत असतं. मार्च २०२०पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो चालू झाली, जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू उघडला. दोन्ही खऱ्या आणि मोठ्या गोष्टी. पण मिनिटं मोजायला सुरुवात कुठून आणि शेवट कुठे, हे लेखकाच्या हातात असतं. सेतू उतरतो तो चिर्ले-न्हावाशेवाच्या बाजूला, आणि तिथून पेण-वडखळचा रस्ता शुक्रवारी संध्याकाळी काय असतो हे पत्रकात येत नाही. रेवस-करंजा पूल अंतुल्यांच्या काळापासून ‘होतोय’. पत्रकांत तो कधीचाच बांधून झालाय.

जे आहे ते मात्र गाळलं जातं. थळ म्हटलं की जुन्या माणसाला आधी आरसीएफ आठवतं, ऐंशीच्या दशकात सुरू झालेला प्रचंड खत कारखाना, ज्याच्यासाठी गावांच्या जमिनी संपादित झाल्या. आजच्या मजकुरातल्या थळला समुद्र आहे, नारळी आहेत, शेजारी सुपरस्टार आहेत. चिमणी नाही. पांढरा कांदा मात्र आहे, त्याला जीआय मिळाल्यापासून. कारण तो ‘अनुभव’ म्हणून विकता येतो.

ज्याला पंचमी लागते

या किनाऱ्याबद्दल हिंदी सिनेमाने एक गोष्ट सांगितली आहे आणि तिच्यातही बच्चनच आहेत. १९९०चा ‘अग्निपथ’. मांडव्यात वीज यावी म्हणून धडपडणारा मास्तर. गावाचा अड्डा करू पाहणारे जमीनदार आणि तस्कर. मास्तरचा खून होतो, मुलगा मुंबईत मोठा होतो आणि आयुष्यभर मांडवा परत मागतो. या भूमिकेसाठी बच्चन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विजय दीनानाथ चव्हाण स्वतःची ओळख सांगताना बापाचं नाव आणि गावाचं नाव कधी सोडत नाही. त्याच्या वाक्याला पंचमी आहे. तो कुठून आला हे सांगितल्याशिवाय पुढे बोलतच नाही. अभिनेत्याने त्याच तालुक्यात प्लॉट घेतला यात मला ढोंग दिसत नाही, तो त्याचा पैसा आहे. फरक मजकुरात आहे. सिनेमात मांडवा म्हणजे माणसं, शाळा आणि एक जुना हिशेब. बातमीत ते ‘लोकेशन’ आहे.

आणि जुना हिशेब खरोखरच आहे. चरी हे अलिबाग तालुक्यातलंच गाव. १९३३मध्ये तिथल्या आणि आजूबाजूच्या कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालचा तो संप १९३९पर्यंत, सहा वर्षं, चालला. शेतं पडीक राहिली, माणसांनी मिळेल ती मजुरी केली. बाबासाहेब आंबेडकर संपाच्या बाजूने उभे राहिले आणि १९३७मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. या वाटेवर पुढे १९४८चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ला, कृषकदिनी, कसणारा मालक ठरला. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय विकता येत नाही, हे त्याच कायद्याचं कलम ६३. म्हणूनच प्लॉट विकण्याआधी जमीन ‘बिनशेती’ करावी लागते. शब्द प्रामाणिक आहे, तिच्यातून काय काढलं ते सांगतो.

विकणाऱ्याने विकू नये असं मी म्हणणार नाही. खारजमिनीचे बांध फुटतात, शेतात खारं पाणी येतं, नातवाला पुण्यात नोकरी असते. विकणं हा शहाणा निर्णय असू शकतो. प्रश्न हा की ज्या जमिनीसाठी पणजोबांनी सहा वर्षं उपाशी काढली, ती विकताना नातवाच्या हातात माहिती कुठली असते? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एका अभिनेत्याच्या प्लॉटचा मथळा.

या प्रकाराची एक बाजू मला मान्य करावी लागेल. आपल्याकडे जमिनीची खरी किंमत कुणी सांगत नाही. सख्खा भाऊही नाही. सेलिब्रिटींच्या निमित्ताने का होईना, नोंदलेले दस्त वाचले जातात आणि आकडे उजेडात येतात. मी वर केलेला भागाकार याच बातम्यांमुळे शक्य झाला. त्यामुळे हे लेखन बंद व्हावं असं मला वाटत नाही. ते नीट लिहिलं जावं.

नीट म्हणजे कसं, यासाठी किहीमला जाऊ. सलीम अली यांनी १९३०च्या सुमारास इथेच सुगरण पक्ष्यांचं निरीक्षण केलं. नाव सुगरण असलं तरी खोपा नर विणतो, तेही अर्धाच. मग मादी येते, आत शिरते, तपासते. पसंत पडला तर नर तो पुरा करतो आणि पुढच्या खोप्याला लागतो. अर्धवट बांधकाम दाखवून ग्राहक मिळवण्याची पद्धत बिल्डरांच्या आधीची आहे, फक्त तिथे ग्राहक आत जाऊन बघतो. याच किहीमला ८ मार्च २०१९ रोजी जिल्हा प्रशासनाने नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून पाडला, किनारपट्टीचे नियम मोडून बांधला म्हणून. झुंबरांसकट सगळं असलेल्या वास्तूची किंमत एका सकाळी शून्य झाली. तिथे नाव उपयोगी पडलं नाही. समुद्रापासूनचं अंतर आणि परवानगीचा कागद तेवढा मोजला गेला.

तेव्हा पुढची बातमी मला अशी वाचायला आवडेल: अमुक गावच्या अमुक गटातली इतके गुंठे जमीन अमुकांनी तमुकांकडून घेतली. जमीन शेतीची की बिनशेती, भरतीरेषेपासून किती आत. गुंठ्याला भाव इतका. त्याच गावात त्याच वर्षी नाव नसलेल्या तीन माणसांनी विकली तो भाव इतका. कंपनीने ती मूळ मालकाकडून घेतली तेव्हा भाव इतका होता. स्टॅम्प ड्युटी हवी तर शेवटी.

हे सगळं फोनच्या एका स्क्रीनवर मावतं.